मुंबईत लहान घर की ठाणे-डोंबिवली-बदलापूरला मोठं घर? मुलं असलेल्या कुटुंबांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वन रूम किचनमध्ये दोघांचं भागतं. मूल रांगायला लागलं की जागा पुरेनाशी होते आणि दुसऱ्याची चाहूल लागली की घराचा शोध सुरू होतो. दादर-परळ-गिरगावातून किंवा पार्ले-मुलुंडमधून बाहेर पडावं का, हा प्रश्न घेऊन येणारी कुटुंबं साधारण जे विचारतात, त्याची उत्तरं इथे आहेत. दर सतत बदलतात, म्हणून प्रति चौरस फूट भाव दिलेले नाहीत. हिशेब कसा मांडायचा, ते मात्र दिलं आहे.

सुरुवात बजेटपासून करायची की जागेपासून?

दोन्हीपासून नाही, वेळापत्रकापासून. एका कागदावर साधा मंगळवार लिहा. सकाळी मुलाला कोण सोडणार, शाळा किती वाजता सुटते, तिथून पाळणाघरात कोण नेणार, पाळणाघर कधी बंद होतं आणि त्या वेळी आई किंवा बाबा कुठे असतील. अनेक पाळणाघरं संध्याकाळी सात-साडेसातला मूल घेऊन जायला सांगतात. सहा वाजता बीकेसीतून किंवा फोर्टातून निघणारा माणूस साडेसातला डोंबिवलीच्या दारात पोहोचेल, हे गाडी वेळेवर असली तरच. रोज असं धावावं लागलं, तर मोठ्या हॉलचा आनंद दोन महिन्यांत ओसरतो.

आमचा नियम सोपा आहे. कामाच्या दिवशी शाळेतून फोन आला, तर घरातल्या एका तरी जबाबदार मोठ्या माणसाला 45 मिनिटांत मुलापर्यंत पोहोचता आलं पाहिजे. तो माणूस आजोबा असू शकतात, घरून काम करणारी आई असू शकते, शेजारी राहणारी मावशी असू शकते. असा माणूस असेल तर लांबचं घर जमतं. नसेल, आणि दोघांच्या नोकऱ्या दक्षिण मुंबईत असतील, तर मूल पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत जवळचं लहान घरच बरं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

आईच्या किंवा बाबांच्या कार्यालयात 50 किंवा जास्त कर्मचारी असतील, तर तिथे पाळणाघराची सोय असणं कायद्याने बंधनकारक आहे. हे आधी विचारून घ्या, सगळं गणित बदलू शकतं. पण मग तान्ह्या बाळाला गर्दीच्या लोकलमधून रोज न्यायचं का, हा प्रश्न उरतोच. तेव्हाही घर जवळ असलेलं बरं.

प्रवासाचा वेळ नेमका कसा मोजायचा?

दारापासून दारापर्यंत. सीएसएमटीहून ठाणे सुमारे 34 किलोमीटर, डोंबिवली 48, कल्याण 54 आणि बदलापूर 68. फास्ट लोकल दादर ते डोंबिवली पन्नासेक मिनिटांत नेते, म्हणून लोक 'तासाभराचा प्रवास' धरतात. प्रत्यक्षात घर ते रिक्षा स्टँड, शेअर रिक्षाची रांग, पूल चढून फलाट, पहिली गाडी सोडून दुसरीत शिरणं आणि उतरल्यावरची चाल धरली की एका बाजूचे दीड ते पावणेदोन तास होतात.

कल्याणच्या पुढे आणखी एक गोष्ट बदलते. तिथे मार्ग कसारा आणि कर्जत असा दोन दिशांना फुटतो, त्यामुळे कल्याणपर्यंत दर थोड्या मिनिटांनी असलेली गाडी पुढे विरळ होते. शिवाय कल्याण ते बदलापूर दोनच रुळांवरून लोकल, मेल-एक्सप्रेस आणि मालगाड्या धावतात. तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेचं काम सुरू आहे. तोवर एक एक्सप्रेस रखडली, की मागची लोकलही रखडते. बदलापूरला घर बघताना 'कल्याणपासून चारच स्टेशनं पुढे' असं ऐकवलं जातं. एक लोकल चुकली की पुढची किती मिनिटांनी, हे तुमच्या परतीच्या वेळेचं वेळापत्रक काढून बघा.

चाचणी रविवारी करू नका. रविवारी मेगाब्लॉक असतो आणि रस्ते मोकळे असतात, म्हणजे दोन्ही बाजूंनी चुकीचं चित्र दिसतं. मंगळवार किंवा बुधवारी संध्याकाळी कार्यालयातून थेट त्या घराकडे जा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या स्टेशनवरून कार्यालयाची वेळ गाठून दाखवा. दोघांनी वेगवेगळं करा, कारण महिलांच्या डब्यातली गर्दी आणि साधारण डब्यातली गर्दी यांचा अंदाज एकमेकांना येत नाही. सकाळी तिथूनच सुटणारी लोकल मिळते का, तेही बघा. बसायला जागा मिळणं आणि लटकत जाणं यात दिवसभराच्या थकव्याचा फरक आहे.

स्टेशनपासून लांबचं नवं संकुल बरं की स्टेशनजवळची जुनी इमारत?

रोज लोकलने जाणार असाल तर स्टेशनजवळची, चालत 12 ते 15 मिनिटांच्या आतली. घोडबंदर रोडवर कासारवडवली ठाणे स्टेशनपासून सुमारे 10 किलोमीटर आहे. गर्दीच्या वेळी या पट्ट्यासाठी कधी 25 मिनिटं लागतात, कधी तास. कल्याण-शीळ रस्त्याचंही तसंच. नोकरी घोडबंदरलाच किंवा ऐरोली-महापेच्या पट्ट्यात असेल, तर उलट तीच संकुलं सोयीची. ठाण्याहून वाशी-पनवेलकडे ट्रान्स-हार्बर लोकल आहेच.

जाहिरातपत्रकातली मेट्रो हिशेबात धरू नका. मेट्रो 3 चंच पाहा: आरे ते बीकेसी ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झाली, पुढचा तुकडा मे 2025 मध्ये आणि कफ परेडपर्यंतचा ऑक्टोबर 2025 मध्ये. मार्ग टप्प्याटप्प्याने उघडतो आणि तुमचं स्टेशन शेवटच्या टप्प्यात असू शकतं. जी गाडी आज धावते, तिच्यावर घर घ्या. मेट्रो आली तर ती वरकड कमाई.

आमच्याकडे किती पैसे रोख असायला हवेत?

इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो, कारण कर्ज घराच्या किमतीवर मिळतं, मुद्रांक शुल्क आणि नोंदणीवर नाही. 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के, 30 ते 75 लाखांपर्यंत 80 टक्के आणि त्यापुढे 75 टक्के देऊ शकते.

ठाणे महापालिका हद्दीत बांधकाम सुरू असलेलं 70 लाखांचं घर धरा. कर्ज 56 लाख, स्वतःचे 14 लाख. मुद्रांक शुल्क 7 टक्के म्हणजे 4 लाख 90 हजार, नोंदणी 30 हजार, जीएसटी 5 टक्के म्हणजे साडेतीन लाख. बेरीज 22 लाख 70 हजार. यात सोसायटीची आगाऊ देखभाल, वकील, स्वयंपाकघराचे ओटे-कपाटं, ग्रिल आणि सामान हलवणं धरलेलं नाही. 56 लाखांचा हप्ता साडेआठ टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी महिना साधारण 48,600 रुपये येतो. ताबा मिळेपर्यंत सध्याचं भाडंही सुरूच राहणार, ते विसरू नका.

काही फरक माहीत असले की लाखभर रुपये वाचतात. मुंबई महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क 6 टक्के आहे. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर 1 टक्का सवलत मिळते, पती-पत्नीच्या जोडनावावर ती मिळत नाही. भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ओसी (इमारतीत राहायला हरकत नाही, असा पालिकेचा दाखला) मिळालेल्या तयार घरावर जीएसटी लागत नाही. मुंबई महानगर प्रदेशात 60 चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र (घराच्या आत प्रत्यक्ष वापरता येणारी जागा) आणि 45 लाखांपर्यंत किंमत असेल, तर बांधकाम सुरू असलेल्या घरावर जीएसटी 5 ऐवजी 1 टक्का. मुंबई महापालिका हद्दीत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घराला मालमत्ता करातून सूट आहे. लहान घराच्या बाजूने ही रक्कम दरवर्षी मोजता येते.

50 लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घरावर 1 टक्का टीडीएस (विकणाऱ्याला पैसे देतानाच कापायचा प्राप्तिकर) कापून भरायची जबाबदारी खरेदीदाराची असते. विकणारा परदेशात स्थायिक असेल, तर कपात बरीच मोठी असते आणि तिचे नियम वेगळे. दादर-पार्ल्यातली अनेक जुनी घरं अमेरिकेत किंवा दुबईत राहणाऱ्या मुलांच्या नावावर आहेत. व्यवहाराआधी चार्टर्ड अकाउंटंटला विचाराच.

दरमहा खर्चाची तुलना कशी करायची?

हप्ता अधिक देखभाल अधिक प्रवास अधिक मुलाची व्यवस्था, असे चार रकाने दोन्ही घरांसाठी करा. मोठ्या संकुलात जलतरण तलाव, क्लब हाउस, चार लिफ्ट यांचा खर्च देखभालीत येतो, आणि तो चटई क्षेत्रावर आकारला जात असेल तर मोठं घर म्हणजे मोठं बिल. प्रवासात फक्त पास नको. दोघांच्या दोन्ही टोकांच्या रिक्षा धरा, आणि लोकल बंद पडल्यावर महिन्यातून एखादी टॅक्सी. लांबच्या घरामुळे रोजचा दीड तास वाढला, तर महिन्याच्या 24 कामाच्या दिवसांत 36 तास जातात. पाळणाघराचे वाढीव तास किंवा पूर्णवेळ मदतनीस त्यातूनच लागते.

किती चौरस फूट पुरतात?

आकड्यापेक्षा मांडणी बघा. रेरा म्हणजे घरखरेदीदारांच्या संरक्षणासाठीचा कायदा. त्याच्या चटई क्षेत्रात आतल्या भिंती धरल्या जातात, बाल्कनी आणि बाहेरच्या भिंती नाहीत. दलाल 'साडेसहाशे' म्हणाला, तर कुठलं क्षेत्र ते करारातल्या चौरस मीटरवरून काढा: एक चौरस मीटर म्हणजे 10.764 चौरस फूट. मग टेप घेऊन जा.

दोन मुलांच्या खोलीला 9 बाय 10 फूट पुरतात, पण दार आणि खिडकी समोरासमोर नसून कोपऱ्यात हवीत, म्हणजे साडेसहा फुटी भिंत सलग मिळते आणि बंक बेड बसतो. बंक बेड घेणार असाल तर पंखा कुठे आहे ते आधी बघा. वरची गादी जमिनीपासून पाच फुटांवर आली आणि मूल उठून बसलं, की त्याचं डोकं आठ फुटांच्या आसपास जातं. पंख्याची पातीही तिथेच असतात. हुक सरकवता येत नसेल, तर भिंतीवरचा पंखा लावा. फॉल्स सीलिंग केलेल्या सॅम्पल फ्लॅटमध्ये हे लक्षात येत नाही. खिडक्या-बाल्कनीच्या ग्रिलमध्ये चार इंचांहून जास्त फट नको, आणि आडव्या सळया नकोत. मुलं त्यांची शिडी करतात.

400 फुटांचं नीट मांडलेलं घर 550 फुटांच्या, अर्धा भाग पॅसेजमध्ये गेलेल्या घरापेक्षा जास्त जागा देतं.

मुंबईतलं जुनं घर घेऊन पुनर्विकासाची वाट बघावी का?

आधी ते घर मालकीचं आहे की पागडीचं, हे बघा. पागडीत तुम्ही भाडेकरू होता, हस्तांतराला घरमालकाची संमती आणि त्याचा वाटा लागतो, आणि बँका सहसा त्यावर गृहकर्ज देत नाहीत. मालकीच्या सोसायटीत जमिनीचं अभिहस्तांतरण झालं आहे का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, ते विचारा. ते किंवा मानीव अभिहस्तांतरण (बिल्डर किंवा जमीनमालक करून देत नसेल, तर सरकारी अधिकाऱ्याच्या आदेशाने होणारं) झालेलं नसेल, तर पुनर्विकास तिथेच अडकतो.

2019 च्या शासन नियमांनुसार सोसायटीच्या पुनर्विकासाला 51 टक्के सभासदांची संमती पुरते. म्हणजे तुम्ही नको म्हणालात तरी घर रिकामं करावं लागू शकतं. लहान मुलांच्या घरासाठी याचा अर्थ असा, की तीन ते पाच वर्षं भाड्याच्या घरात काढायची आणि कदाचित शाळेपासून दूर जायचं. विकासकाकडून मिळणारं भाडं थांबलं तर हप्ता आणि भाडं दोन्ही तुमच्या खिशातून. पर्यायी घराचा स्वतंत्र नोंदणीकृत करार हातात येईपर्यंत चावी देऊ नका. मूल पहिलीत जाणार असेल आणि इमारत आता रिकामी होणार असेल, तर आम्ही नको म्हणू. मूल दोन वर्षांचं असेल, विकासकाकडून मिळणाऱ्या भाड्याची हमी पक्की असेल आणि त्याच वॉर्डात भाड्याने घर मिळत असेल, तर हा मुंबईतच मोठ्या घरात जाण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग ठरू शकतो.

पाण्याचं काय विचारायचं?

'पाणी आहे ना?' असं विचारू नका, 'आहे' असंच उत्तर येतं. मुंबईला भातसा, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा, विहार आणि तुळशी या सात तलावांचं पाणी मिळतं. बाहेरच्या शहरांची व्यवस्था हद्दीगणिक वेगळी आहे. सोसायटीच्या सचिवांकडे एप्रिल आणि मे महिन्यांची टँकरची बिलं मागा. दिवसातून किती तास आणि किती वाजता पाणी येतं, जमिनीखालची टाकी किती लिटरची, हेही विचारा.

हिशेब असा करा: माणशी दिवसाला 135 लिटर धरले, तर पाच माणसांना 675 लिटर. 40 घरांच्या इमारतीला रोज 27,000 लिटर. पालिकेचं पाणी पूर्ण बंद झालं, तर 10,000 लिटरचे जवळपास तीन टँकर रोज. उन्हाळ्यात देखभालीचं बिल का फुगतं, ते इथे कळतं. नवीन इमारतीला ओसी नसेल, तर पालिकेची नियमित नळजोडणीच अडते आणि सगळी भिस्त टँकरवर राहते.

बिल्डरकडे रेरा नंबर आहे. तेवढं पुरेसं नाही का?

नाही. कल्याण-डोंबिवलीत 65 इमारतींनी पालिकेच्या बनावट परवानग्या जोडून रेरा नोंदणी मिळवल्याचं प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि नोव्हेंबर 2024 मध्ये त्या पाडण्याचा आदेश झाला. त्यात घरं घेतलेली माणसं तुमच्याआमच्यासारखीच होती, रेरा नंबर आणि बँकेचं कर्ज असलेली.

म्हणून बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राचा क्रमांक आणि तारीख घेऊन पालिकेच्या नगररचना विभागात जा आणि तो तिथल्या नोंदीत आहे का, ते पडताळा. मंजुरी कितव्या मजल्यापर्यंत आहे, ते वाचा. प्रमाणपत्र जोत्यापर्यंतचं असतं आणि विक्री विसाव्या मजल्याची सुरू असते, असं होतं. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि अकृषिक परवानगी बघा, आणि स्वतःच्या वकिलाकडून जमिनीच्या मालकीचा 30 वर्षांचा शोध अहवाल घ्या. बिल्डरने दिलेला वकील चालणार नाही. नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम मागणं कायद्याला धरून नाही. 'आज बुकिंग केलंत तरच हा भाव' असं कुणी म्हणालं, तर तो भाव जाऊ द्या.

पुराचा धोका कसा तपासायचा?

उल्हास नदीच्या काठची बदलापूर, वांगणी, कल्याणची किंवा काळू नदीच्या काठची टिटवाळ्याची बाजू बघत असाल, तर हे करायलाच हवं. 26 जुलै 2005 सगळ्यांना आठवतो. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती, ते पाणी आसपासच्या वस्त्यांतही शिरलं होतं. भूखंड निळ्या किंवा लाल पूररेषेत येतो का, ते पालिकेत विचारा. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला विचारा, 2019 ला दुकानात पाणी कुठवर आलं होतं. तो हात लावून दाखवतो.

शाळेसाठी मुंबईतच राहायला हवं का?

तसं काही नाही. दादरला बालमोहन आणि पार्ल्याला पार्ले टिळक आहे, तशीच डोंबिवलीला स. वा. जोशी विद्यालयासारखी जुनी मराठी शाळा आहे. ठाण्यातही चांगल्या शाळांची परंपरा आहे. प्रश्न दर्जापेक्षा वेळेचा असतो. पहिलीसाठी 31 डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण लागतात. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, 25 टक्के जागांसाठी घरापासूनचं अंतर मोजलं जातं आणि एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना प्राधान्य असतं, म्हणजे पत्त्याचा पुरावा अर्जाआधी नव्या घराचा हवा. अनेक खासगी शाळांची नर्सरीची प्रक्रिया आदल्या वर्षी दिवाळीनंतरच सुरू होते. बदली करायचीच असेल, तर ती इयत्ता पहिलीच्या किंवा पाचवीच्या सुरुवातीला करा. मुलाला मुंबईच्या शाळेतच ठेवून डोंबिवलीहून ने-आण करण्याचा बेत मात्र आखू नका.

आजी-आजोबा सोबत येणार आहेत. वेगळं काय बघायचं?

लिफ्टला जनरेटर जोडलेला आहे का, आणि तिच्यात स्ट्रेचर मावतं का. चालत जाता येईल असं देऊळ, वाचनालय किंवा बाग आहे का. 40 वर्षं गिरगावात काढलेल्या माणसाला चौदाव्या मजल्यावर दिवसभर एकटं बसवलं, तर तो खचतो, आणि नातवंडांना सांभाळण्याची सगळी योजना त्याच्यावरच उभी असते. त्यांना घर बघायला घेऊन जा आणि नाही म्हणायचा हक्क द्या.

रात्री मूल आजारी पडलं तर?

परळला वाडिया हे लहान मुलांचं रुग्णालय आहे, केईएम आणि शीव रुग्णालयही मुंबईतच. लांबच्या घरासाठी रात्री बालरोगतज्ज्ञ हजर असलेलं आणि नवजात अतिदक्षता कक्ष असलेलं जवळचं रुग्णालय आधी शोधा. रात्री नऊ वाजता घरापासून तिथवर गाडीने जाऊन बघा. 20 मिनिटांच्या आत पोहोचता आलं पाहिजे.

विकत घेण्याआधी भाड्याने राहून बघावं का?

हो, जमत असेल तर जरूर. त्याच संकुलात किंवा शेजारच्या इमारतीत 11 महिन्यांच्या करारावर राहा, आणि करार एप्रिल-मेपासून करा. म्हणजे सुरुवातीलाच पाणीटंचाई दिसते, मग पावसाळ्यात लोकल किती वेळा थांबते, रस्ता कुठे तुंबतो, वीज किती जाते ते कळतं, आणि दिवाळीनंतर शाळाप्रवेशाच्या वेळी तुम्ही तिथलेच रहिवासी असता. भाडेकरार महाराष्ट्रात नोंदणीकृतच लागतो. त्याचा मुद्रांक, नोंदणी आणि एका महिन्याची दलाली मिळून होणारा खर्च चुकीचं घर घेऊन विकण्यापेक्षा कितीतरी कमी आहे, कारण पुन्हा घेताना 6-7 टक्के मुद्रांक शुल्क पुन्हा भरावं लागतं.

या काळात मुंबईतलं घर विकू नका, भाड्याने द्या. सोसायटी त्यासाठी बिगर-भोगवटा शुल्क लावू शकते, पण ते सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. पाच-सहा महिन्यांनी तो मंगळवारचा कागद पुन्हा भरा, या वेळी अंदाजाने नाही, घड्याळ बघून.